बावतीसभाऊंची कॅसेट

रेजिनाचा फोन आला तेव्हा मी चाळीस डब्यांची उसळ फोडणीला टाकत होते. रेजिना म्हणजे बावतीसभाऊंची बायको, वसईला असते. ती कधी सकाळी फोन करत नाही, म्हणून झारा तसाच ठेवून फोन घेतला. "वैनी, हे गेले," म्हणाली. मग फक्त तिच्याकडून कोंबड्यांचा आवाज येत होता, माझ्याकडून एक्झॉस्ट फॅनचा. रात्री जेवून झोपले ते सकाळी चहाला हाक मारली तर उठलेच नाहीत. दोन वर्षांपूर्वी इथलं, आखातातलं सगळं आवरून कायमचे घरी गेले होते. साठीसुद्धा झाली नव्हती. उसळ खाली लागली ते मला वासावरून कळलं.

माणूस गेल्यावर रडू यायला हवं. मला आला तो राग, आणि महिना होत आला तरी तो उतरलेला नाही. आठवड्याभरात दुबईत करामातल्या आपल्या किराणा दुकानाच्या काचेवर इथल्या मराठी मंडळाची सूचना लागली, 'मंडळाचे लाडके कलाकार कै. बावतीस यांना श्रद्धांजली', खाली हॉलचं नाव आणि वेळ. लाडके! मी हातात तुरीच्या डाळीची पिशवी घेऊन ती सूचना तीनदा वाचली. दुकानदार म्हणाला, "भाभी, आप जानते थे?" जानते थे म्हणजे काय, आठ वर्षं आमच्या दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत होती, आणि त्या भिंतीतून काय काय ऐकलंय ते या लाडके म्हणणाऱ्यांना माहीत नाही. म्हणूनच हे लिहायला बसले आहे.

आमची ओळखही रागातूनच झाली. त्र्याण्णव साली आम्ही शारजातल्या त्या बिल्डिंगमध्ये राहायला आलो. आमचे हे तिथल्याच एका कंपनीत, मुलगी मुग्धा चौथीत, आणि माझा डब्यांचा उद्योग नुकता सुरू झालेला. पहिल्याच शुक्रवारी दुपारी जेवून जरा पाठ टेकली, तर भिंतीपलीकडून एक पेटी केकाटायला लागली आणि तिच्या जोडीला कुणीतरी पत्र्यावर खरवडतंय असा आवाज. अर्धा तास सहन केलं. मग लाटणं हातात घेऊनच गेले आणि दार वाजवलं. दारात एक काळासावळा, बुटका माणूस. अंगात पांढरा शर्ट, आणि त्यावर खांद्यावरून अडकवलेलं, पोटापर्यंत येणारं चक्क पत्र्याचं जाकीट. त्याला आडव्या पन्हळी. दोन्ही हातांत पेप्सीची बाटली उघडायचे ओपनर. मी भांडायचं सोडून ते जाकीटच बघत राहिले. त्यांनी माझ्या लाटण्याकडे बघितलं आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "त्यानं नाही वाजणार, वैनी. लोखंडच लागतं."

ते संगीत कुठलं, हे मला त्या दिवशी कळलं नाही. पुढच्या शुक्रवारी कोळंबीचं कालवण घेऊन आले तेव्हा सगळी हकीकत सांगितली. ऐंशीच्या दशकात बावतीसभाऊ अबुधाबीच्या समुद्रात, तेलाच्या कामाच्या एका बार्जवर, म्हणजे सपाट जहाजावर, पत्रा-लोखंडाचं काम करणारे फॅब्रिकेटर होते. तिथला क्रेन ऑपरेटर क्लोव्हिस नावाचा एक अमेरिकन, लुइझियानाचा. अमेरिकन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जे येतं तसलं काहीच त्याच्यात नव्हतं. खाडीकाठच्या दलदलीतला माणूस, घरात भात, खेकडे आणि कोळंबी, रविवारी चर्च, आणि बोलायची भाषा फ्रेंच, तीसुद्धा पुस्तकातली नाही, गावाकडची. त्यांच्या त्या लोकांना केजन म्हणतात. क्लोव्हिसकडे दहा बटणांची एक छोटी पेटी होती, अकॉर्डियन. जेवण झालं की मेसमध्ये तो ती काढून बसायचा. बावतीसभाऊंना एक शब्द कळत नव्हता, पण पहिल्याच दिवशी ताट घेऊन तिथेच बसले. क्लोव्हिसनं त्यांना सांगितलं होतं की त्याच्या आजोबांना शाळेत घरची भाषा बोलले म्हणून छड्या मिळायच्या, गुडघ्यावर बसवायचे. बावतीसभाऊ म्हणायचे, ते ऐकल्यावर त्यांना पुढचं काही समजून घ्यायची गरजच उरली नाही. तिसरीत असताना त्यांनी गुरुजींना वसईच्या घरच्या बोलीत उत्तर दिलं होतं, आणि सगळ्या वर्गासमोर कानाखाली बसली होती.

त्याच क्लोव्हिसनं त्यांना दोन तऱ्हांचं संगीत ऐकायला शिकवलं. एक केजन, त्यात फिडल म्हणजे व्हायोलिन, ती पेटी आणि बहुतेक गाणी कुणी सोडून गेल्याची, घर सुटल्याची. दुसरं झायडेको, ते तिथल्याच काळ्या लोकांचं, जास्त वेगाचं, आणि त्यातच हे पत्र्याचं जाकीट. जाकिटाचं वर्णन ऐकल्यावर बावतीसभाऊंनी वर्कशॉपमध्ये जाऊन गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचा उरलेला तुकडा घेतला, तासाभरात पन्हळी पाडल्या, खांद्याला वाक दिला आणि घालूनच मेसमध्ये आले. क्लोव्हिस हसून हसून खुर्चीवरून पडला म्हणे. त्या बार्जवर पुढे दर आठवड्याला दोघं वाजवत. मग काम संपलं, बार्ज गेलं, क्लोव्हिस घरी गेला. जाताना त्यानं पंधरा-वीस विकतच्या कॅसेट यांना दिल्या, आणि एक घरगुती. मेसमध्ये टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवून भरलेली, त्यात क्लोव्हिसची पेटी आणि यांचा पत्रा. चार वर्षं नाताळचं कार्ड आलं. पाचव्या वर्षापासून आलं नाही.

बार्जनंतर बावतीसभाऊ दुबईत रास अल खोरला एसीच्या डक्टच्या वर्कशॉपमध्ये लागले. आठवडाभर पत्राच बडवायचे, आणि शुक्रवारी सुट्टीच्या दिवशीही पत्राच. सकाळी ते चर्चमध्ये मिसाला जात, कारण इथे शुक्रवार हाच सगळ्यांचा रविवार. मग दुपारी दोनच्या सुमाराला आमच्याकडे. एका हातात कालवण, दुसऱ्या हातात कॅसेटची पिशवी. आमचे हे पहिल्या गाण्याला माना डोलावत आणि दुसऱ्याला घोरत. मी मात्र हळूहळू अडकत गेले. मी तशी नाट्यसंगीताच्या घरातली, मांडी घालून, ताल मोजत ऐकायची सवय. बावतीसभाऊ म्हणत, "वैनी, हे डोक्यानं ऐकायचं नाही. आधी पाय सोडा." पाय सोडा म्हणजे खुर्चीत नीट बसून टाचा जमिनीला लागू द्यायच्या. खरंच सांगते, टाचेतूनच चढतं ते. गायक गळा काढून रडत असतो, बाई गेली, आई गेली, शेत गेलं, आणि खाली तो ताल मात्र थांबत नाही, तुम्हाला खुर्चीत बसू देत नाही. मी एकदा विचारलं, रडायचं आहे तर नाचता कशाला? तर म्हणाले, "दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असतं ना." मुग्धा तर पहिल्या दिवसापासून नाचायची. तिला मी विचारलं, काय कळतं गं तुला यातलं, तर म्हणाली, "नथिंग, मम्मी. इट्स जस्ट हॅपी अँड सॅड." अभ्यासात नसेल, पण तिथे पोरीनं पैकीच्या पैकी मिळवले.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे मी इतकी चिडले आहे. सत्त्याण्णव साली मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात सभासदांचे कार्यक्रम होते. मी त्या वर्षी कमिटीवर होते, अर्थात जेवणखाणाच्या. मीच हौसेनं बावतीसभाऊंचं नाव दिलं. त्यांनी महिनाभर तयारी केली. जाकीट लिंबू लावून घासलं. क्लोव्हिसची ती घरगुती कॅसेट लावायची आणि तिच्याबरोबर हे वाजवणार, असं ठरलं. हॉल भरलेला. बावतीसभाऊ स्टेजवर गेले आणि आधी दोन वाक्यं त्यांच्या घरच्या बोलीत बोलले, माझ्या मित्राचं संगीत आहे, तो फार लांब आहे, अशा अर्थाची. पहिल्या रांगेतून खसखस पिकली. कुणीतरी त्यांची नक्कलही केली, बारीक आवाजात, पण हॉलभर ऐकू गेली. त्यांनी तिकडे बघितलं नाही. कॅसेट सुरू झाली, यांचे ओपनर पत्र्यावर फिरायला लागले, मागच्या पोरांनी खुर्च्या सरकवून नाचायला सुरुवात केली. दोन मिनिटं. घड्याळ लावून दोन मिनिटं झाली असतील, आणि अध्यक्षांनी साउंडवाल्याला खूण केली. सगळं बंद. अध्यक्ष माईक हातात घेऊन हसत म्हणाले, हे टिनपाट संगीत आपल्या संस्कृतीत बसत नाही, बावतीसना काही मराठी येत असेल तर त्यांनी जरूर म्हणावं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या!

मराठी येत असेल तर... ज्याच्या गावात चारशे वर्षं आई पोराला मराठीतच झोपवते, त्याला हा प्रश्न! आणि विचारणाऱ्याची स्वतःची पोरं वरणाला डाळीचं सूप म्हणतात. हे सगळं मला तेव्हाच सुचलं होतं, जसंच्या तसं. मी स्टेजपासून दहा पावलांवर उभी होते. हातात पुऱ्यांची परात होती. मी काही बोलले नाही. कमिटीवर आहोत, उगाच तमाशा नको, जेवणाला उशीर होतोय, असलं काहीतरी मनाला सांगितलं आणि पुऱ्या वाढत राहिले. बावतीसभाऊंनी जाकीट उतरवलं, कॅसेट खिशात टाकली, रांगेत येऊन पान घेतलं. मी त्यांना पुरी वाढली आणि त्यांच्याकडे बघायचं टाळलं. परत येताना गाडीत तेच आधी बोलले. "क्लोव्हिसच्या आज्याला मारलं, मला मारलं. आम्ही एकाच शाळेतले, वैनी." एवढंच. त्यानंतर मंडळाचं नाव त्यांनी तोंडातून काढलं नाही.

त्याच्या पुढच्या आठवड्यात मी जे केलं त्याला तर माफीच नाही. त्यांनी ती घरगुती कॅसेट मला ऐकायला दिली होती. त्या दिवशी अर्धवट राहिलं ते पुरं ऐका म्हणाले. वर लेबल नव्हतं, त्यांना ती हाताला कळायची. आता इथल्या जुन्या लोकांना सांगायला नको, आमची सगळ्यांची एक रीत होती. गावाकडे पत्र नाही, कॅसेट पाठवायची. माझ्या आईला वाचता येत नाही, ती तासगावजवळ माझ्या भावाकडे असते. मी दर महिन्याला टेपरेकॉर्डरसमोर बसून तिच्याशी बोलायची, आणि कुणी इंडियाला निघालं की दुधाच्या पावडरीच्या डब्याबरोबर ती कॅसेट त्याच्या बॅगेत. त्या दिवशी खालच्या मजल्यावरचे एकजण संध्याकाळच्या फ्लाइटनं निघाले होते. घरात कोरी कॅसेट नव्हती. टेबलावर एक बिनलेबलची पडली होती. घातली, बटण दाबलं, बोलले, काढली, देऊन टाकली. शुक्रवारी बावतीसभाऊंनी विचारलं, ऐकली का? आणि तेव्हा मला कळलं, त्या डब्याबरोबर काय गेलं ते.

मी जे घडलं ते सांगितलं. कान धरले, रडले. वाटलं, आता हा माणूस ओरडेल, आदळआपट करेल. करायला हवी होती. जगात क्लोव्हिसचा तेवढाच आवाज त्यांच्याकडे होता. ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. तिथूनच विचारलं, "आईला काय सांगितलंत?" मी म्हटलं, असंच... घरचं. "बरं झालं," म्हणाले, "म्हातारीनं लेकीचा आवाज ऐकला." त्यांच्या त्या चांगुलपणाचा मला इतका संताप आला! माणसानं एकदा तरी भांडावं. अध्यक्षांशी नाही भांडला, निदान माझ्याशी तरी. मी भावाला फोन करून ती कॅसेट परत मागितली, एकदा नाही, तीनदा. त्यानं दरवेळी सांगितलं, सापडत नाही. मग मीही सोडून दिलं. पुसलेली कॅसेट परत आणून तरी काय करायचं होतं?

दोन हजार एक साली वर्कशॉपच्या मालकानं काम आवरतं घेतलं. सतरा वर्षं इथे काढलेल्या माणसाला खलास म्हणायला एक कागद पुरतो. बावतीसभाऊंनी महिन्याच्या आत खोली रिकामी केली. विकतच्या कॅसेट बरोबर नेल्या. पत्र्याचं जाकीट मात्र माझ्या किचनमध्ये आणून खिळ्याला अडकवलं. म्हणाले, विमानात घालून बसू देणार नाहीत. दारापर्यंत गेले, परत आले, खिशातून दोन्ही ओपनर काढून ओट्यावर ठेवले.

रेजिनाच्या फोननंतर दोन दिवसांनी मी आईला फोन केला. म्हटलं, शेजारचे बावतीसभाऊ गेले गं. ती म्हणाली, तो पत्रा वाजवणारा? मी विचारलं, तुला काय माहीत ते पत्रा वाजवायचे? तर आई म्हणाली, "अगं, तूच सांगितलंस ना त्या कॅसेटात, रोज ऐकते की. तुझं बोलणं संपलं की तो पेटीवाला आणि हा येतात. मी बंद करत नाही." मी फक्त अकरा मिनिटं बोलले होते. पुढचं सगळं तसंच होतं, बार्जवरचं. मी कॅसेट मागितली तेव्हा तिला वाटलं, लेक आपला आवाज परत मागतेय, म्हणून तिनंच भावाला नाही म्हणून सांगायला लावलं आणि कॅसेट ट्रंकेत लपवली. त्यात काय आहे हे मी धड सांगितलंच नव्हतं, आणि पुढे कधी काही आहे का, म्हणून विचारलंही नव्हतं. सहा वर्षं क्लोव्हिस आणि बावतीस तासगावजवळच्या एका घरात रोज दुपारी वाजत होते, आणि ज्याचं ते होतं तो माणूस ते संपलं असं समजून मेला. फोन ठेवल्यावर मी माझ्याच थोबाडीत मारून घेतली. अगदी खरी, आवाज येईल अशी.

भावानं ती कॅसेट इकडे येणाऱ्या एका माणसाबरोबर पाठवली. श्रद्धांजलीच्या सभेच्या आदल्या दिवशी मिळाली. सभेला साठेक माणसं होती. समई, हार घातलेला फोटो, तोही कुठल्यातरी ग्रुप फोटोतून कापलेला, कडेला दुसऱ्या कुणाचातरी खांदा. अध्यक्ष तेच. बोलले छान, त्यांना येतंच. कै. बावतीस यांच्या कलेला मंडळानं प्रथम व्यासपीठ दिलं, म्हणाले. मंडळानं नेहमीच वेगळ्या वाटेच्या कलावंतांना प्रोत्साहन दिलं, म्हणाले. मग कुणाला दोन शब्द बोलायचे असतील तर, असं विचारल्यावर मी उठले. घरचा टेपरेकॉर्डर पिशवीत होता. तो टेबलावर ठेवला, माईक त्याच्यापुढे केला, आणि बटण दाबलं. कॅसेट मी माझ्या आवाजाच्या शेवटच्या मिनिटावर लावून आणली होती. चुकून नाही, मुद्दाम.

हॉलमध्ये माझाच सहा वर्षांपूर्वीचा आवाज घुमला. "आई, मंडळात बावतीसभाऊंचा माईक बंद केला गं. अध्यक्ष हसले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि मी पुऱ्या वाढत राहिले. तुझ्या लेकीला तोंड नव्हतं का गं?" बावतीसभाऊंना मी 'असंच, घरचं' म्हणून सांगितलं होतं ते हे. मग खट् झालं... आणि मधूनच, अर्ध्या ओळीत, क्लोव्हिसची पेटी आली. मागे ताटांचा आवाज, कुणाचं तरी हसणं, आणि त्या सगळ्याखाली पत्रा, न थांबणारा. साउंडवाला अध्यक्षांकडे बघत होता. मी जाऊन त्याच्या बटणांसमोर उभी राहिले. एकजण उठून गेला, दोघी एकमेकींत कुजबुजल्या. आमचे हे खाली बघत होते. मागच्या रांगेत मुग्धाची टाच जमिनीवर पडायला लागली, मग तिच्या शेजारच्या पोराची. गाणं पूर्ण वाजलं. शेवटी बावतीसभाऊंचा आवाज येतो त्यात, त्यांच्या घरच्या बोलीत, 'आणखी एक' म्हणतात. मग दुसरं सुरू झालं, तेही मी पूर्ण वाजू दिलं.

नंतर अध्यक्ष जवळ आले. "वहिनी, हे असं इथे योग्य नव्हतं," म्हणाले. मी म्हटलं, "त्यांचा कार्यक्रम अर्धा राहिला होता. तो पूर्ण केला." आता मी मंडळात नाही. त्यांनी काढलं की मी सोडलं, हे कुणी विचारत नाही आणि मी सांगत नाही.

रेजिनासाठी एक प्रत करून घेतली आहे, ती या आठवड्यात वसईला जाईल. मूळ कॅसेट परत तासगावला चालली आहे, आईचे दोन फोन येऊन गेले, दुपार जात नाही म्हणते. पत्र्याचं जाकीट खिळ्यालाच आहे, जाता-येता झारा लागला की वाजतं. काल कॅसेट पाकिटात घालण्याआधी मी भाजीच्या सुरीनं तिच्या कडेच्या दोन्ही प्लॅस्टिकच्या खिट्ट्या मोडून टाकल्या. खिट्ट्या मोडल्या की रेकॉर्डिंगचं बटण दाबलं जात नाही. आता तिच्यावर कुणाला काही बोलता येणार नाही. मलासुद्धा.